कोंडीरामच्या व्हॅनची टाकी

"साबण लावू नको म्हणतोस, मग करू काय रे रामदास?" कोंडीरामने व्हॅनखालूनच विचारलं. टाकीच्या गंजलेल्या भोकात त्याने धुण्याचा साबण कोंबला होता, तरी पेट्रोल ठिबकतच होतं.

"टाकी उतरव. पत्रा झाळून देतो," मी म्हणालो.

छापखान्याची ती जुनी व्हॅन कोंडीराम चालवायचा आणि काम संपलं की लालबागला आमच्या चाळीखाली लावायचा. एरवी घाई नव्हती. पण लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याच्या बायकोला, बकुळावहिनीला दिवस गेले होते, आता नववा सरत होता. नाव घातलेलं सूतिकागृह गिरगावात. संयुक्त महाराष्ट्रासाठी केव्हा हरताळ पडेल, केव्हा ट्राम बंद होतील, याचा नेम नव्हता.

"परवापर्यंत होईल ना?"

"लालबागेत माझ्यासारखा टाकीवाला दुसरा दाखव," मी म्हणालो. तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं.

काम मात्र मन लावून केलं. टाकी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, आत साखळी घालून गंज खडखडवून काढला, तळाला ठिगळ झाळलं. मग पाणी भरून पाहिली. थेंब गळला नाही. यानंतर ती दोन दिवस उन्हात उपडी ठेवायची, हा आमच्या धंद्याचा नियम. पण संध्याकाळी कामगार मैदानावर सभा होती. गल्लीतून माणसं घोषणा देत निघाली होती आणि माझा पाय दुकानात ठरेना. टाकी हलवून पाहिली, आवाज आला नाही, आणि दिली कोंडीरामच्या हवाली.

तिसऱ्या दिवशी हरताळ पडला आणि सकाळीच वहिनीला कळा सुरू झाल्या. व्हॅन भायखळ्याच्या पुलावर चढली आणि बंद पडली. पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं, चढावर तेच नळीत आलं. कोंडीराम हँडल मारत राहिला, मग चार माणसं गोळा करून ढकलत राहिला. पोचेपर्यंत दुपार झाली. मुलगा झाला, पण रडला नाही.

"गंजाचा कचरा अडकला," असं कोंडीराम सगळ्यांना सांगायचा. मी मान डोलवायचो. चार वर्षं डोलवली. चोराच्या मनात चांदणं. वर तो गिऱ्हाइकं माझ्याकडेच पाठवायचा, ते मला फार लागायचं.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर महिन्याभराने टाकी ठिगळाशेजारी पुन्हा फुटली. मालक म्हणाला, नवीच बसवा. जुनी उतरवायला आम्ही दोघं व्हॅनखाली आडवे झालो आणि मला राहवलं नाही.

"कोंडीराम, तेव्हा गंज नव्हता. पाणी होतं. सभेला जायचं म्हणून मी टाकी वाळू दिली नाही."

त्याचा पाना थांबला नाही.

"ठाऊक आहे. पुलावर कार्बोरेटर मीच उघडलेला ना."

मला रडू फुटलं. "मग बोलला का नाहीस? शिव्या तरी द्यायच्यास."

"द्यायलाच निघालेलो. बकुळेला घरी आणली त्या दिवशी. बघतो तर तुझी मालन तिच्या कुशीत निजलेली. दोन वर्षांची होती तेव्हा. दहा दिवसांत पहिल्यांदा बकुळेचा डोळा लागला होता." त्याने नट काढून माझ्या हातात ठेवला. "तुझ्याशी भांडलो असतो, तर पोर यायची बंद झाली असती."

टाकीचं ओझं आता आमच्या चार हातांवर होतं.

"बकुळेला सांगू नको," तो म्हणाला. "आणि मालनला उद्या लवकर पाठव. शाळेचा पहिला दिवस, वेणी मीच घालणार, म्हणतेय बकुळा."