कोपऱ्यावरची स्कूटी

“सर, तुम्ही अजून स्कूटीवरच का येता?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून बुद्धप्रियानं डाउट विचारायच्या तासाला भर वर्गात हे विचारलं. सगळा वर्ग खिदळला. फळ्यापाशी उभे असलेले फिजिक्सचे आनंदराज सर म्हणजे तिचे पप्पाच. पण लातूरच्या त्या क्लासमध्ये ती त्यांना सरच म्हणायची, आणि कुणी वशिल्याची म्हणू नये म्हणून रोज अलीकडच्या कोपऱ्यावरच स्कूटीवरून उतरायची.

सरही हसले. “पुढच्या महिन्यापासून कारनं येतो. बास?”

बुद्धप्रिया उड्या मारतच घरी आली. लाल घ्यायची की पांढरी, एवढाच आता प्रश्न होता.

आई मात्र भाकरी थापता थापता पप्पांना म्हणाली, “क्लासवाले नवी कार लीजवर द्यायलेत, खरंय. पण हप्ता पगारातून कापणार, आन् चार वर्षं क्लास सोडायचा न्हाई. मग जळकोटचं काय वो?”

जळकोट पप्पांचं गाव. येत्या जूनपासून तिथल्या पोरांसाठी छोटा क्लास काढायचा, म्हणून त्यांनी बाकंसुद्धा बघून ठेवली होती.

“जळकोट कुठं पळून चाललंय?” पप्पा हळूच म्हणाले. “पोरीला चारचौघींत खाली बघायला नको.”

बुद्धप्रिया धावत पप्पांपुढं येऊन उभी राहिली.

“पप्पा, ती तर नुसती पैज होती वो! कारच्या कागदावर सही करू नका. जूनमध्ये जळकोटचा क्लास काढायचाच. आन् उद्यापासून मी कोपऱ्यावर उतरणार न्हाई. थेट गेटपर्यंत तुमच्या मागं स्कूटीवर येणार, सगळ्यांसमोर!”