राखून ठेवलेला वेग

"अहो, हीच का ती? केवढीशी आहे!" बायको म्हणाली.

धक्क्याच्या उतारावर ओढून ठेवलेली टॉर्पेडो बोट खरंच केवढीशी दिसत होती. टॉर्पेडो सोडायची नळकांडी आधीच उतरवली होती. आता क्रेन तिच्या पोटातलं इंजिन उपसत होती आणि ज्याने उभी नोकरी त्या इंजिनापाशी काढली, तो निवृत्त मेकॅनिक बायकोसोबत ते बघत उभा होता. बोटीवर सगळे त्याला चिंगूस म्हणत. पैशाच्या बाबतीत तो हात सैल सोडणारा होता. त्याचा चिकटपणा सगळा वेगापुरता.

वेग हेच या बोटींचं भांडवल. मोठ्या जहाजावर चाल करून जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि धूम ठोकायची. पण पूर्ण वेग इंजिनाला झेपतो ठरावीक तासच. मग ते उघडून दुरुस्त करावं लागतं. चिंगूस ते तास जिवापाड जपायचा. सरावालासुद्धा कप्तानाशी हुज्जत घालायचा, "लढाईत लागतील, साहेब." लढाई आलीच नाही. बरंच झालं म्हणा.

लग्न नवं होतं तेव्हा घरच्यांना बोटीवर न्यायचा एक दिवस ठरला होता. असली बोट हळू चालली की अशी डुचमळते की पोटातलं घशाशी येतं. सुसाट सुटली की मात्र नाक वर करते आणि पाण्याला जेमतेम शिवत जाते. त्या सुखासाठी तर तो नोकरीला चिकटून होता.

"वहिनींना एकदा पळवून दाखव की रे," कप्तान म्हणाला होता.

"नको, साहेब. तास उगाच वाया जातील."

बोट रांगत गेली, रांगत आली. त्याच्या बायकोने कठडा धरून पोट रिकामं केलं.

इंजिन आता जमिनीवर टेकलं. भंगाराचा मुकादम जवळ येऊन वाकला.

"काका, हे तर बरंच कोरं आहे. वापरलं नाहीत का?"

"जपलंय," तो म्हणाला. आवाजातला तोरा त्याचा त्यालाच कसातरी वाटला.

"सुटलात बाई यातून," बायको म्हणाली. "त्या दिवशी डुचमळून आले ना, तेव्हाच ठरवलं होतं मी. रोज असले हाल सोसणाऱ्या माणसाकडे काही मागायचं नाही. फिरायला न्या म्हटलं नाही, दोन दिवस घरी थांबा म्हटलं नाही."

त्याला ते दिवस आठवले. घरी गेलं की हातात गरम चहा, मुलं चिडीचूप, तक्रारीचा शब्द नाही. बायको समाधानी मिळाली, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं, हाल नव्हते गं," तो शेवटी म्हणाला. "पळायला लागली की इतकी मजा यायची… घर आठवायचं नाही."

ती त्याच्याकडे वळली.

"मग मला का नाही दाखवलीत?"

"इंजिन राखत होतो."

ती चिडेल, निदान हसेल, असं त्याला वाटलं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सावकाश, पोटभर प्यायली. इतक्या वर्षांत त्याला दिल्याशिवाय ती कधी प्यायली नव्हती.