शेंदरी खुंट

सन १९८८. त्या भादव्यात मी माझ्या लेकीला, द्रौपदाला, पहिल्या बाळंतपणासाठी अमळनेरहून माहेरी आणत होते.

अमळनेर-भडगाव रस्ता आमच्या लहानपणी नुसती गाडवाट होती. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बायांनी खडी फोडली, तेव्हा तो पक्का झाला. पुढे डांबर पडलं, दगडांवर राज्य रस्त्याचा नंबर आला. पारोळ्यापर्यंत दोन्हीकडे निंबाची झाडं, मग काळी कपाशीची रानं, आणि आमच्या गावाआधी नाला. त्यावर पूल नव्हता, तळालगत बांधलेली बुटकी फरशी होती. पाणी वरून वाहू लागलं तरी कड दिसावी म्हणून दोन्ही अंगांना पांढरे खुंट रोवले होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकी शिवेवरच्या पहिल्या खुंटाला तेल-शेंदूर लावायच्या. पुढे घराघराने आपापला खुंट पुजायला धरला, आणि सगळेच तांबडे झाले. पावसाळ्याआधी रस्त्यावरचा मजूर पंडित त्यांना चुना मारी. त्या वर्षी माझ्या जावेने, झुंबरबाईने, त्याचा डबाच हिसकावला.

"देवले चुना लावस का रे? तुना तोंडले लाव!"

बाया हसल्या. पंडितही हसत निघून गेला.

त्या दुपारी आमची बस नाल्यावर आली तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. ड्रायव्हर रुपचंदने गाडी घातली. मध्यावर पोचलो आणि वरून लोंढा आला. पाणी पायरीवर चढलं. तांबडं, गढूळ पाणी आणि त्यात जेमतेम टोकं वर राहिलेले, तेलाने काळपटलेले तांबडे खुंट, एकही दिसेना.

"कड कुठंय? मागेही जाता येत नाही," रुपचंद म्हणाला.

गाडी एका अंगाला सरकली. बाया देवाचं नाव घेऊ लागल्या. द्रौपदाने माझा दंड घट्ट धरला. "माय वं, मना पोटले काही व्हई का?" मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. आत बाळ हलत होतं.

कंडक्टर धनसिंग खाली उतरला. पाणी त्याच्या मांडीला लागत होतं. "हळूहळू मना मांगे ये," म्हणत तो पायाने खुंट चाचपत पुढे निघाला. बस त्याच्यामागे रांगत होती. अचानक तो गळ्यापर्यंत गेला. आम्ही सगळ्या किंचाळलो. तो खुंटाला मिठी मारून ओरडला, "कड आठे शे! उजवीकडे घे!"

रुपचंदने चाक वळवलं. बस काठाला लागली, तेव्हा गावच्या माणसांनी बैलगाडीचा नाडा, तो जाड दोर, टाकून धनसिंगाला ओढून काढलं. त्याचा गुडघा दगडावर आपटून फुटला होता.

द्रौपदाला त्याच रात्री कळा लागल्या. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली, पण जगली. आज ती फैजपूरला मास्तरीण आहे. द्रौपदा तिच्याजवळच राहते. धनसिंग लंगडा झाला, त्याला डेपोत बसून करायचं काम मिळालं. रुपचंद पुन्हा त्या रस्त्याला आला नाही. पंडित दर पावसाळ्याआधी चुन्याचा डबा घेऊन येत राहिला, निवृत्त होईपर्यंत. झुंबरबाईने त्याला पुढे कधी अडवलं नाही. ती पंच्याण्णव साली वारली, आणि नाल्यावरचा पूल त्यानंतर झाला.