दोन बोटं जास्त

तिला परदेशी जायचं होतं, आणि त्यासाठी नव्वद दिवस काहीही करायचं नव्हतं. अवघड काय ते एवढंच होतं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलाशी बसून त्यांवर दात बसवायची, केसाएवढाही फरक न ठेवता. नवऱ्याने तिचं नावच मिलीमीटरबाई ठेवलं होतं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिच्या हातचं काम पाहून तिला नोकरी देऊ केली आणि घराला पंख फुटले. व्हिसाची अट एकच होती. ठरलेली रक्कम घरच्या खात्यात सलग नव्वद दिवस दिसली पाहिजे. एक दिवस जरी ती जराशी खाली गेली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आणि नोकरीवर रुजू व्हायची तारीख काही कुणासाठी थांबणार नव्हती.

रक्कम जमवताना तिने घर अक्षरशः झाडून काढलं. स्कूटर विकली, मुदत ठेव मोडली. सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून एक पुडकं काढून दिलं आणि वर बजावलं, "मला नेणार असाल तरच हं!" मग तिने खात्यात बरोबर ठरलेली रक्कम भरली. ना कमी, ना जास्त. उरलंसुरलं तिकडच्या भाषेच्या परीक्षेच्या फीमध्ये आणि तिकिटांत गेलं.

"आता त्या खात्याला कुणी हात लावायचा नाही," तिने फर्मान काढलं. "बघायचंसुद्धा नाही."

यात तिच्या धंद्याचीच सवय होती. कवळीचा साचा एकदा गरम पाण्यात सोडला की वेळ होईपर्यंत उघडायचा नसतो. उतावळेपणा केला की आतला माल बिघडलाच म्हणून समजा. वीस वर्षं तिने एकही साचा वेळेआधी उघडला नव्हता. तिने पासबुक माळ्यावरच्या बॅगेत टाकलं. बँकेचे मेसेज पूर्वीपासून नवऱ्याच्या फोनवर यायचे, ते तिकडेच राहू दिले.

दिवस मोजायचं काम सासूबाईंनी घेतलं. मुलाच्या शिवणकामाच्या दुकानातला खडू आणून त्या स्वयंपाकघराच्या दारामागे रोज एक रेघ ओढायच्या. दुपारी पंख्यासमोर लोकरीचे मोजे घालून बसायच्या. याला त्या थंडीचा सराव म्हणत. "पंखा वाढव गं, अजून बर्फ पडत नाहीये," असं म्हणून स्वतःच खो खो हसायच्या. तिलाही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हसू फुटायचं. चाळिशी उलटलेली बाई आपण, आणि सहलीला निघालेल्या पोरीसारखी झोप उडते म्हणजे काय!

कोड्यात टाकलं होतं ते फक्त मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिचा नवरा. कपडे शिवण्याचं दुकान होतं त्यांचं, दोन गल्ल्या सोडून. एरवी गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा छाटणारा माणूस, पण हा विषय निघाला की तोंडात टाचण्या धरल्यासारखा गप्प.

"तुम्हाला यायचंय ना मनापासून?" तिने दोनतीनदा विचारलं.

"बघू. आधी तुझे नव्वद होऊ देत."

ते 'बघू' तिला सलत होतं. ओढूनताणून नेलेला नवरा तिला नको होता.

त्र्याऐंशीव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साचे ओतणारी तिची मैत्रीण डबा उघडता उघडता म्हणाली, "आमच्या मेहुण्याचा अर्ज परत आला बघ. बँकेने मेसेजचे पैसे कापले. दोन कप चहाचे असतील नसतील. पण रक्कम खाली गेली ना!"

प्लॅस्टर कालवता कालवता तिने वाटी तशीच खाली ठेवली.

मेसेजचे पैसे! केसाएवढा फरक बोटाने ओळखणारी बाई ती, आणि हे तिने धरलंच नव्हतं. बरोबर रक्कम भरली म्हणून मिरवत होती, वर झाकण लावून स्वस्थ बसली होती. हातांवरचं प्लॅस्टर तसंच ठेवून ती बँकेकडे धावत सुटली. वाटेत डोळ्यांपुढे सासूबाईंच्या त्र्याऐंशी रेघा येत होत्या, सगळ्या पुसायच्या.

"मेसेजचे पैसे कापता तुम्ही?" तिने खिडकीतल्या बाईंना धापा टाकत विचारलं.

"दर महिन्याला कापतो की. दोनदा कापलेत तुमचे."

"उतारा द्या. आत्ताच्या आत्ता द्या."

यंत्राने खरखर करत कागद बाहेर टाकला. पहिल्या ओळीत तिने भरलेली रक्कम होती. दोनदा कापलेले पैसेही होते. पण या दोहोंच्या मध्ये, दुसऱ्याच दिवशीची, एक ओळ होती जी तिची नव्हती. कुणीतरी रोख भरणा केला होता. तो आकडा तिने ओळखला. तीन सुटांची शिलाई! गिऱ्हाईक पैसे द्यायला टाळाटाळ करतंय, असं मास्तर तेव्हा म्हणाले होते. शिल्लक एकदाही खाली गेली नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी हे लपवून ठेवल्याबद्दल तिला नवऱ्याचा असा काही राग आला की ती तडक दुकानाकडे निघाली.

दुकानात एक जाडजूड गृहस्थ हुज्जत घालत होते. "नुसतं माप घ्यायला काय जातं हो तुमचं?"

"नवीन माप घेत नाही साहेब," मास्तर म्हणत होते. "अडीच महिने झाले, बंद केलंय. हातातली कामं पुरी करतोय फक्त."

"का बरं?"

"परदेशी चाललोय!" मास्तरांनी छाती पुढे काढली. "बायकोला बोलावलंय तिकडून. तिच्यासारखा हात नाही म्हणे त्यांच्याकडे."

ती दारातच थबकली. अडीच महिने! राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले. गृहस्थ कुरकुरत निघून गेल्यावर तिने कागद मास्तरांपुढे धरला.

"मला का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी कान खाजवला. "सांगितलं असतं तर काढून घेऊन रक्कम पुन्हा बरोबर केली असतीस तू. अगं, मी कापड बेतताना कायम दोन बोटं जास्त धरतो. हातालाच सवय."

"आणि ते बघू बघू?"

"नव्वद पुरे झाले नसते, तर माझं दुकान तुझ्यापायी गेलं असं तुला वाटलं असतं. ते कशाला?" ते टेप गळ्यातून काढत म्हणाले. "एकच माप राहिलंय आता. गरम कोट शिवायचाय तुझा. हात पसर."

"बरोबर घ्या हं."

"छे! दोन बोटं जास्त. तिकडे जाऊन अंगाने भरलीस तर?"

तिने वाद घातला नाही. वाळलेल्या प्लॅस्टरचे हात पसरून ती भर दुकानात उभी राहिली आणि मास्तरांनी पहिला आकडा खडूने कापड बेतायच्या पाटावर लिहिला.