बादली इकडे, दांडा तिकडे

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मला कुंडी म्हणू नका, छत्र्या ठेवायचं पिंप म्हणू नका, आणि ‘विंटेज पीस’ तर मुळीच म्हणू नका. मी आइस्क्रीमचा पॉट आहे. जुना आहे, सागवानी फळ्यांचा आहे, पोटावर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत. लोकांनी मला फार चिडवलं आहे, म्हणून आज बोलतो आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पॉट पाहिलाच नसेल. बाहेर लाकडी बादली, तिच्या आत कल्हई केलेला उभा डबा, डब्यात लाकडी पातं. आणि या सगळ्याच्या वर आडवा बसतो तो दांडा. त्याला लोखंडी दाते असतात आणि फिरवायला मूठ असते. डब्यात आटवलेलं दूध घालायचं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ भरायचं आणि दांडा फिरवत राहायचं. डबा आत गरगरत राहतो, दूध घट्ट होत जातं, दांडा जड होत जातो. फिरवणाऱ्याचे हात भरून आले की समजायचं, आइस्क्रीम झालं. दांडा नसेल तर मी नुसती एक बादली.

नागपूरच्या एका सुताराने मला घडवलं. मारोतराव रेल्वेत नोकरीला होते. त्यांची बदली रायपूरला झाली तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं आणि गाडीत मांडीवर धरून आणलं. तिथल्या तात्यापारा नावाच्या मोहल्ल्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. मे महिन्यात रायपूर असं तापतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेव्हा त्यांची बायको शांताबाई दूध आटवायच्या आणि संध्याकाळी अंगणात माझं काम सुरू व्हायचं. साऱ्या मोहल्ल्यातली पोरं वाट्या घेऊन येत.

बारसं असो, साखरपुडा असो, लोक मला मागून नेत. मारोतराव नाही म्हणत नसत. फक्त एक अट असे. “पॉट घेऊन जा. दांडा फिरवाले मी येतो.” दांडा बगलेत मारून ते त्या घरी हजर होत. दुसऱ्या कोणाच्या हातात त्यांनी तो कधी दिला नाही. लोक हसत, पण आइस्क्रीम खाताना मारोतरावांचं नाव घेत. थोडं माझंही घेत.

पुढे घरात फ्रीज आला. मग दुकानातले आइस्क्रीमचे डबे आले. मी माळ्यावर गेलो. मारोतराव वारले तेव्हाही मी माळ्यावरच होतो. खाली रडणं ऐकू येत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

त्यांचा मुलगा शरच्चंद्र, रायपुरात वाढलेला, घरीही हिंदीच बोलणारा. त्याने रायपुरातच तेलीबांधा भागात फ्लॅट घेतला, तात्यापाऱ्याचं घर रिकामं करायला काढलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. तो काही वाईट माणूस नाही. सामान फार होतं आणि फ्लॅट लहान होता. माझ्याकडे पाहून त्याने आईला एवढंच विचारलं, “आई, वहाँ रखेंगे कहाँ?” शांताबाई उठून आत गेल्या. मी हातगाडीवर चढलो. माझ्यावर दांडा नव्हता. मला वाटलं, पडला असेल कुठेतरी.

भंगारवाल्याच्या गोदामात एका मोडक्या कूलरखाली मी पडून राहिलो. माझं लाकूड आधीच वाळलेलं होतं, तिथे आणखी वाळलं.

एका रविवारी चेतनाबाई आल्या. गोदामं, जुने बाजार, मोडकी घरं धुंडाळून जुन्या वस्तू शोधायच्या, त्या घासूनपुसून फोनवर फोटो टाकून विकायच्या, हा त्यांचा उद्योग. फारच जीव जडला तर एखादी घरी ठेवायची. त्यांनी कूलर स्वतः बाजूला ओढला, मला उचललं, आतला डबा काढला, पातं हलवून पाहिलं. किती वर्षांनी कोणीतरी मला नीट पाहत होतं. मग त्यांनी विचारलं, “भैया, इसका हैंडल कहाँ है?”

“यहीं कहीं होगा, दीदी. अगले इतवार आना, निकाल के रखूँगा.”

चेतनाबाईंनी मला विकत घेऊन घरी नेलं आणि तिथून माझा छळ सुरू झाला. पुढच्या रविवारी दांडा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता. “ढेर बहुत है, दीदी. मिल जाएगा.” चेतनाबाई मग दुसरीकडे शोधायला लागल्या. अभनपूरच्या बाजारातून त्यांनी एक दांडा आणला, तो शेवयांच्या यंत्राचा निघाला. दुसरा आणला तो माझ्याहून मोठ्या पॉटचा होता. एक तर कुठल्या यंत्राचा होता ते त्या दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. दर वेळी त्या तो माझ्यावर बसवायच्या, मी आशेने वाट पाहायचो, दात्यात दाता लागायचा नाही आणि नुसतं कर्र वाजायचं. मग त्या कपाळावरचा घाम पुसत म्हणायच्या, “काहून बसत नाही रे तू?” जसा काही माझाच दोष होता.

फोनवरचा त्रास निराळाच. त्यांनी माझा फोटो टाकून खरं ते लिहिलं होतं, दांडा नाही, बाकी सगळं आहे. खाली लोक लिहीत. कोणी म्हणे उलटा करून दिवा बसवा. कोणी म्हणे वर काच टाका, स्टूल होईल. कोणी विचारे, हे इंग्रजांच्या काळातलं आहे का, मग घेतो. आइस्क्रीमचं नाव एकानेही काढलं नाही.

शेवटी विहंग आला. हा हॉटेलं सजवायचं काम करतो. तेलीबांध्याच्या एका नव्या कॅफेच्या दारात त्याला झाड लावायला काहीतरी जुनं हवं होतं. त्याने मला उपडं केलं आणि माझ्या बुडावर पेन्सिलीने तीन गोल काढले. पाणी निथळायला तिथे भोकं पाडायची होती. बुडाला भोकं पडली की माझ्यात पुन्हा बर्फ टिकणार नव्हता.

“दांडा मिळाला तर हा चालू होईल रे,” चेतनाबाई म्हणाल्या.

“दीदी, चालू करके कोई क्या करेगा?”

 चेतनाबाईंची खोली न विकलेल्या सामानाने भरली होती आणि विहंग हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं. त्यांनी सुस्कारा टाकला. “इतवारपर्यंत थांब. नाही मिळाला तर ने.”

रविवारी मला सोबत घेऊनच त्या गोदामात गेल्या आणि भंगारवाल्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने थोडा वेळ इकडे तिकडे पाहिलं. मग म्हणाला, “सच बोलूँ दीदी? हैंडल आया ही नहीं था. तात्यापारा की मराठी अम्मा ने दिया ही नहीं.”

“तो पहले क्यों नहीं बोले?”

“आप हर इतवार आती थीं. दो-चार चीज़ें और ले जाती थीं.”

त्या रागाने लाल झाल्या, पण भांडल्या नाहीत. पत्ता विचारला आणि मला रिक्षात घालून तेलीबांध्याच्या फ्लॅटवर घेऊन गेल्या.

दार शरच्चंद्रने उघडलं. आत खुर्चीवर शांताबाई बसल्या होत्या, खूप वाळलेल्या, माझ्यासारख्याच. मला पाहून त्या उठायला लागल्या, पण गुडघ्यांनी उठू दिलं नाही. चेतनाबाईंनी मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कॅफे, झाड, भोकं, सगळं.

“आजी, दांडा देऊन द्या. हा पुरा झाला तर मी कुंडीवाल्याले नाही देणार.”

“दांडा नाही भेटत,” शांताबाई म्हणाल्या. “तू पॉट ठेवून जाय.”

“मी विकत घेतला आहे, आजी.”

“माह्या पोट्ट्यानं विकला. मले कोनी विचारलं होतं?”

“आई, यहाँ जगह कहाँ है?” शरच्चंद्र म्हणाला.

“दांड्याले जागा झाली ना? मंग पॉटले काहून नाही होत?”

त्यांनी त्याला कपाट उघडायला लावलं. साड्यांच्या खालून टॉवेलात गुंडाळलेला दांडा निघाला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मित्रांनो, मी त्यांच्या पायाशी आणि दांडा त्यांच्या मांडीवर. मध्ये वीतभर अंतर. एक बाई म्हणते पॉट ठेव, दुसरी म्हणते दांडा दे, आणि दोघींपैकी कोणीच हलेना. दोघींना मी हवा होतो म्हणे. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि लाकडाला ओरडता येत नाही.

शेवटी चेतनाबाई म्हणाल्या, “बरं, देऊ नका. एकदा फिरवून तर पाहू.”

शांताबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो कुरकुरत खाली गेला आणि बर्फ, दुधाच्या पिशव्या नि जाडं मीठ घेऊन आला. दूध डब्यात पडलं. बर्फ माझ्यात पडला. शांताबाईंनी स्वतः दांडा बसवला. खट्ट. दाता दात्यात गेला. तो आवाज माझ्या फळीफळीत घुमला. त्या फिरवायला लागल्या, मी मनात म्हटलं, आता दाखवतो सगळ्यांना.

आणि मी गळायला लागलो.

एका जागेहून नाही, चहूकडून. इतकी वर्षं कोरडा राहून माझ्या फळ्या आक्रसल्या होत्या, प्रत्येक फटीतून मिठाचं पाणी वाहत होतं. ते फरशीवर पसरलं, सोफ्याखाली गेलं. शरच्चंद्र फडकं घेऊन धावला, मग दुसरं फडकं आणायला धावला. “मैंने बोला था, आई,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शांताबाई तरी फिरवत राहिल्या. त्यांचा हात थकला तेव्हा चेतनाबाईंनी फिरवला. बर्फाचं पाणी होऊन सगळं फरशीवर गेलं आणि डब्यात दूध तसंच राहिलं, नुसतं गार. सगळ्यांवर चिडून झालं होतं माझं. त्या दिवशी कळलं की मीच आता कामाचा राहिलो नाही. याहून वाईट मला कधी वाटलं नाही.

शांताबाईंनी माझ्या ओल्या फळीवरून हात फिरवला. “सुकून गेला बिचारा. पानीच नाही दाखवलं कोनी.” मग म्हणाल्या, “इथं ठेवीन तं असाच सुकत राहीन. भिजत ठेव याले, फुगू दे.” त्यांनी दांडा माझ्यावरून काढला, पदराने कोरडा केला आणि चेतनाबाईंच्या हातात दिला. “ने. पन ठेवनाऱ्याले नको देऊ. फिरवनाऱ्याले देजो.”

“हव, आजी,” चेतनाबाई म्हणाल्या.

त्यांनी मला घरी नेऊन पाण्याने भरून ठेवलं. पाणी गळून जायचं, त्या पुन्हा भरायच्या. हळूहळू फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, गळणं थांबलं. विहंग ठरल्याप्रमाणे आला आणि हात हलवत परत गेला. “काम हाथ से गया, दीदी,” तो म्हणाला. तो पुन्हा आला नाही, आणि चेतनाबाईंना ते परवडणारं नव्हतं.

पुढचे महिने त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, “फिरवणार का?” लोक चमत्कारिक नजरेने पाहत. एक बाई म्हणाल्या, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवू, रोज पुसू. चेतनाबाई नाही म्हणाल्या. एका रात्री जेवताना त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आजीले शब्द देऊन फसली मी.” मलाही तसंच वाटत होतं. मी पुरा होतो, पाणी धरत होतो, तरी कोपऱ्यात बसून होतो.

मग एक दिवस धम्मदीप आला. त्याचे वडील कारखान्यात होते, त्याला मात्र स्वतःचं काहीतरी करायचं होतं. तो आणि त्याची बायको दीक्षा तेलीबांधा तलावाजवळ हाताच्या आइस्क्रीमचा ठेला लावणार होते आणि असा पॉट शोधत तोही सारे जुने बाजार पालथे घालत होता. त्याने मी किती जुना ते विचारलं नाही. मला उचललं, बुडाकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “ताई, गळतो का?”

चेतनाबाई इतक्या हसल्या की तो गोंधळून गेला.

आता मी रोज संध्याकाळी तलावाजवळ असतो. मीठ माझ्या पट्ट्या खातं, त्या गंजताहेत. एक फळी काळी पडली आहे. जुन्या वस्तूंचे शौकीन ठेल्याशी थांबतात आणि हळहळतात. “भैया, इतनी पुरानी चीज़ है, खराब हो जाएगी. हमें दे दो, सँभाल के रखेंगे.” धम्मदीप मान वर न करता म्हणतो, “रुको भैया, अभी हाथ ख़ाली नहीं है.”

कधीकधी शरच्चंद्रही रांगेत दिसतो. त्याने मला ओळखलं की नाही, मला ठाऊक नाही.  आइस्क्रीम डब्यात बांधून घेतो, “घर के लिए,” म्हणतो आणि वितळायच्या आत पोचायला भरभर निघून जातो.

मित्रांनो, तुम्हीही कधी जुन्या बाजारात जाल, एखादी वस्तू आवडेल, घरी आणाल. जरूर आणा. पण तिला ठोकायच्या, कापायच्या, भोक पाडायच्या आधी एवढं विचारा की ही काय काम करत होती. दुकानदाराला ठाऊक नसेल तर ज्या घरातून ती निघाली त्या घरी जाऊन विचारा. आणि तुमच्याच घरातली एखादी वस्तू काढून टाकायची असेल, तर ती वापरलेलं माणूस शेजारच्या खोलीत बसलेलं असतं, त्याला आधी विचारा. कामात मी झिजेन, एक दिवस माझं बूड सुटेल, ते मला चालेल. मला फक्त जपून ठेवू नका.

आता थांबतो. दीक्षा मीठ घेऊन आली आहे.