बोटभर सरकलेली गाठ

"सरकली! गाठ सरकली!"

सदाशिव पेठेतल्या दवाखान्याचा जिना लोणी काळभोरच्या माणसांनी गच्च भरला होता. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती; ती वाचायला कुणी रिकामं नव्हतं. आत खाटेवर माझी आत्या तुळजाबाई सोनोग्राफीच्या पडद्यापुढे हात जोडून बसलेली, आणि शेजारी तिच्या गावचे महाराज.

आत्याच्या यकृतात गाठ होती. सुईने तुकडा काढून तपासायचं ठरलं होतं. दसऱ्याआधी सोनोग्राफी झाली, दसऱ्याला महाराजांनी पोटावर अंगारा चोळला, आणि आज सुई घालण्याआधी पाहिलं, तर गाठ जुन्या जागेपासून बोटभर डावीकडे!

"आज बोटभर, पौर्णिमेला वीतभर, अमावास्येला थेट हडपसर!" महाराज गरजले. "सुई लावाल तर गाठ कोपेल!"

"मी न्हाई सुई घेणार," आत्या म्हणाली. "महाराजांचा हात हाय माझ्यावर."

गाठ वाईट निघाली तर प्रत्येक आठवडा मोलाचा होता.

तपासणाऱ्या डॉक्टर बिलकिस यांनी पाण्याचा डबा मागवला. आत नायलॉनचे दोरे ताणलेले, प्रत्येकाची जागा पक्की मोजलेली. पोटावर फिरवायचा प्रोब त्यांनी पाण्यात टेकवला. पडद्यावर दोरे उमटले, तेही मोजलेल्या जागेपासून बोटभर डावीकडे.

"महाराज, दोऱ्यांनाही अंगारा लावला होता का?"

जिन्यात कुणीतरी खुसकन हसलं.

"पाण्यात शक्ती उतरलीय!"

"मग परत उजवीकडे आणा. आम्ही थांबतो."

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले. दोरे ढिम्म. मग महाराजांना अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

डॉक्टरांनी प्रोबवरची पट्टी दाखवली. तिच्यावरच्या चकचकीत गोळ्या पाहून छतावरचा कॅमेरा प्रोब कुठे आहे ते ओळखतो. पट्टीच्या फटीत झेंडूची वाळकी पाकळी होती.

"दसऱ्याला आमच्याच लोकांनी यंत्राची पूजा करून इथे हार बांधला. ओढाताणीत पट्टी वळली आणि कॅमेऱ्याचा हिशेब चुकला. या मापावर सुई घातली असती, तर भलतीकडेच गेली असती."

त्यांनी पट्टी घट्ट केली, दोऱ्यांवरून माप पुन्हा जुळवलं. दोरे जागेवर आले. पोटावर प्रोब ठेवला, गाठही जागेवर.

"म्हंजी यंत्रबी खोटं बोलतं?" आत्याने विचारलं.

"बोलतं ना, मावशी. म्हणून तर त्याची परीक्षा घेतो. महाराजांची कुणी घेतली होती?"

आत्याने जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "घाला सुई."

तुकडा तपासायला गेलाय, निकाल यायचा आहे. आत्याला चैन नाही, मलाही नाही. पण गाठ कुठे आहे ते आता नक्की ठाऊक आहे. लाखोंचं यंत्र आपण तपासून घेतो आणि चिमूटभर अंगारा डोळे मिटून लावून घेतो, याचा मला संताप येतो. तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला, तर हात जोडण्याआधी त्याच्याकडे पाण्याचा डबा मागा.