आठवं नाणं

भिंगराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. डाव्या डोळ्याला सदानकदा भिंग चिकटलेलं, म्हणून गल्लीनं केलेलं हे बारसं. एकदा घासात खडा आला, तर यांनी आधी त्याचं वजन केलं, मग तुटलेला दात शोधला!

त्यांचा जीव जुन्या नाण्यांवरच्या चुकांत अडकलेला. टाकसाळीतल्या साच्याला तडा गेला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर बारीक रेघ उठते. तडा वाढेल तशी रेघही वाढते. एकाच साच्याची अशी सात नाणी भिंगरावांनी ओळीनं मांडली होती. पहिल्यावर राजाच्या गालाला केसाएवढी रेघ, सातव्यावर ती थेट कानापर्यंत. आता हवं होतं आठवं. साच्याचा तुकडाच उडाल्यानंतरचं, राजाच्या गालाच्या जागी नुसता गोळा असलेलं. तेरा वर्षं वणवण चालली होती.

बायकोच्या कानाखाली तीळ होता. एके दिवशी तिनं विचारलं, "अहो, जरा बघता का? हा वाढल्यासारखा वाटतोय. काही लावू का?"

डोळा भिंगात, भिंग नाण्यावर. "काही लावायचं नाही! घासायचं नाही, पुसायचं नाही. आहे तस्सं राहू दे. जितकं जुनं तितकी किंमत!"

आल्यागेल्याला ते नाण्यांबद्दल हेच सांगत. तिनं मात्र ते आपल्याला सांगितलं असं समजून केस पुढे ओढून घेतले. इतक्या ठामपणे नवरा तिच्याशी कधी बोललाच नव्हता!

दीड वर्षानं तिची थोरली बहीण राहायला आली. निवृत्त नर्स. दारातच तिनं धाकटीचे केस बाजूला सारले आणि पायातली चप्पलही न काढता दोघांना दवाखान्यात नेलं.

"कधीपासून वाढतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

भिंगराव बायकोकडे बघू लागले.

"तिला काय विचारता, भाऊजी? तिच्या कानाखालचं तिला दिसतं का?" थोरली कडाडली. "बरं, राजाच्या गालावरची रेघ किती वर्षांत कानापर्यंत गेली?"

"दोन वर्षं, चार महिने," भिंगराव पटकन बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"तो राजा कधीच मेला, भाऊजी. ही जिवंत आहे. अजून."

भिंगरावांनी घरी येऊन फोटोंचे अल्बम काढले. भिंग लावून सात फोटो वेचले, ओळीनं मांडले. पहिल्यात मोहरीएवढा ठिपका. सातव्यात वाटाण्याएवढा, कडा कुरतडल्यासारख्या. सातही पाकिटात घालून ते पुन्हा दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "तेव्हा आला असतात तर दोन टाके घालून घरी पाठवलं असतं. आता मानेत गाठी आल्यात. ऑपरेशन करू. शब्द मात्र देत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी नाणेवाल्याचा फोन आला. "साहेब, आठवं सापडलं! गाल साफ गायब!"

"नको."

"अहो, तेरा वर्षं..."

"शेवट कसा दिसतो ते मला बघायचं नाही!"

त्यांनी फोन बंद केला आणि स्ट्रेचरवर वाकून बिनभिंगाच्या डोळ्यांनी बायकोकडे पाहिलं.

"काय बघताय?"

"तुझ्या भुवईत पांढरा केस आहे."

"सहा वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं.

वाचकहो, त्या दारामागे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आपल्या घराचं दार अजून उघडं आहे. आतलं माणूस "जरा बघता का?" म्हणालं, तर हातातलं ठेवा आणि बघा. ते दुसऱ्यांदा विचारेलच असं नाही!